फूटभर रेशमी गोधडी: बघायचं काय आणि कसं

ताई, तुम्ही लातूरहून विचारलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. एका प्रदर्शनात तुम्ही हाताने शिवलेल्या छोट्या रेशमी गोधड्या पाहिल्या. फार तर फूट-सव्वा फुटाच्या, भिंतीवर टांगलेल्या, काही काचेत मढवलेल्या. किंमत ऐकून दचकलात. आजीच्या एका वाकळीत चार भावंडं मावायची, ही तर उशीलाही पुरायची नाही. लोक वाकून वाकून बघत होते आणि तुम्हाला ‘चांगली आहे’ यापलीकडे काही दिसेना. तरीही त्यातली एक मनातून जात नाही. ती घ्यावी का, आणि मुळात अशा वस्तूत बघायचं काय, हा तुमचा पहिला प्रश्न. भिंतीवर गोधडी कशाला, हा दुसरा. शिवाय घेताना फसवणूक होईल अशी भीतीही तुम्ही लिहिलीय.

तुम्ही सगळा भर किमतीवर दिलाय, पण अडलंय ते बघण्यापाशी. काय बघायचं ते कळलं की किमतीचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून ते शेवटी घेते. मी छत्रपती संभाजीनगरात राहते, जुन्या रेशमी वस्त्रांची डागडुजी करते, स्वतः अशा गोधड्या शिवते आणि शिकवतेही. त्यामुळे हे उत्तर शिवणाऱ्या बाईचं आहे. चित्रकार याच वस्तूकडे वेगळ्या वाटेनं येईल, आणि तीही वाट खरीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमची रुखरुख कमी होईल. तुम्हाला काही दिसलं नाही, ते बऱ्याच अंशी तिथल्या उजेडामुळे. प्रदर्शनाच्या दालनात पांढरे दिवे छतातून सरळ खाली किंवा समोरून पडतात. पाणीरंगातल्या चित्राला तो उजेड चालतो. रेशमी शिवणकाम त्यात अर्धंमुर्धं झाकून जातं, आणि वर काच असली तर उरलेलंही जातं.

असं का होतं ते रेशमाच्या घडणीत आहे. कापसाचा तंतू आखूड असतो. असे हजारो तंतू पिळून सूत होतं, म्हणून सुती कापडावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो आणि कापड कुठूनही पाहिलं तरी साधारण एकाच रंगाचं दिसतं. रेशमाच्या कोषातून निघतो तो अखंड धागा, शेकडो मीटर लांब. त्याच्यावरचा डिंकासारखा थर, ज्याला सेरिसिन म्हणतात, तो साबणाच्या पाण्यात उकळून काढला की आत गुळगुळीत तंतू उरतो, आणि त्याचा छेद गोल नसून कडा बोथट झालेल्या त्रिकोणासारखा असतो. त्याच्या सपाट अंगांवरून उजेड एका बाजूला परततो. म्हणूनच रेशमी कापड जरा कललं की त्याचा रंग हलल्यासारखा वाटतो. 

आता त्या कापडाखाली मऊ भर घाला, खाली अस्तर लावा आणि तिन्हींतून एक टाका घ्या. टाका कापडाला खाली खेचतो, दोन्ही बाजूंना कापड वर उठतं. सुती गोधडीवर तिथे सावलीची एक बारीक रेघ दिसते. रेशमावर सावली दिसते आणि शेजारी उजेडाचा काठही दिसतो. म्हणजे शिवणारी बाई दोऱ्याने जेवढं काढते, त्याहून जास्त ती खळग्यांनी आणि उंचवट्यांनी काढत असते. दोरा कापडाच्याच रंगाचा असला तरी चित्र उभं राहतं. छोट्या रेशमी गोधडीत मी सगळ्यात आधी हेच बघते: हिने उजेड कुठे अडवलाय आणि कुठे मोकळा सोडलाय.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीची गोधडी सांगते. परभणीकडची, शेतकरी घरातली. गोधडी जेमतेम वीतभर रुंद. वर काळपट तपकिरी रॉ सिल्क, दोरा अगदी त्याच रंगाचा. समोरून धरली तर नुसता काळा चौकोन. बघणारे हातात घेतात, उलटसुलट करतात आणि परत ठेवतात. पण खिडकीकडे कड करून तिरपी धरली की रान दिसायला लागतं, पेरणी झालेलं, एकामागून एक तास, म्हणजे पेरणीच्या ओळी. डावीकडून सरळ येणारे तास एका ठिकाणी किंचित वळसा घेऊन पुढे पुन्हा सरळ होतात. रानात झाड असलं की पेरणीची पाभर अशीच वळवून घ्यावी लागते. झाड मात्र तिने शिवलेलं नाही. तिथे एकही टाका नाही. चहूबाजूंनी दाबलेल्या ओळींच्या मधे करंगळीच्या नखाएवढी जागा सोडून दिलीय, ती आपोआप फुगून वर आलीय, आणि गोधडी हलवली की उजेड पहिल्यांदा तिथेच पडतो. त्या एका न शिवलेल्या जागेसाठी भोवतालचे सगळे टाके घातलेत. हे समजल्यावर ती गोधडी मी कितीदा तरी काढून पाहिलीय.

तेव्हा पुन्हा जाल तेव्हा असं करा. आधी चार-पाच पावलं मागून बघा, पण तिथेच थांबू नका. मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला सावकाश चालत जा, नजर गोधडीवरच ठेवून. रंग सरकतो का, कुठला तुकडा विझतो, कुठला उजळतो, ते दिसेल. मग बाजूला उभं राहून, गाल जवळजवळ भिंतीला लागेल इतकं जवळून, पृष्ठभागावरून नजर फिरवा. दालनातल्या माणसाला विचारून मोबाइलचा दिवा बाजूने, कापडाला समांतर धरता आला तर फारच उत्तम. क्षणभर धरल्याने रेशमाचं काही बिघडत नाही. घरी आजीची वाकळ असेल तर आधी तिच्यावरच हे करून बघा. सकाळी दारात अंथरा आणि खाली बसून कोवळ्या उन्हात कडेने बघा. काही बाया सरळ तास घेत जातात, काही कडेपासून आत चौकोनी फेरे घेत येतात. इतकी वर्षं अंगावर घेऊनही तिचा नकाशा तुम्ही पाहिलेला नसणार.

आता जवळ आल्यावर काय? तुकडे कसे लावलेत ते बघा. रेशमाच्या एकाच ठाणातून दोन सारखे चौकोन कापले, एक उभ्या धाग्याने लावला आणि दुसरा आडवा फिरवून लावला, तर ते दोन वेगळ्या छटांचे दिसतात. उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा असलेलं धूपछाव कापड असेल तर फरक इतका की बघणारा म्हणतो, ही दोन कापडं आहेत. हा खेळ जाणून केलाय की चुकून झालाय ते लगेच कळतं. जाणून केला असेल तर फिरवलेल्या तुकड्यांची काही संगती लागते, चालताना ते एकत्र उजळतात. चुकून झाला असेल तर एखादाच तुकडा डागासारखा वेगळा दिसत राहतो.

मग टाके. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते आणि वरून अखंड रेघ दिसते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा वर-खाली जातो, म्हणून टाका, मग मोकळी जागा, मग टाका. ती मोकळी जागा फार महत्त्वाची, कारण तिथे कापड श्वास घेतल्यासारखं वर येतं. मशीनच्या रेघेखाली ते सलग दबलेलं राहतं. मशीनवर सुंदर काम होत नाही असं माझं अजिबात म्हणणं नाही, फार मोठे कलाकार मशीनवर शिवतात. पण तुम्ही हाताच्या कामाचे पैसे देणार असाल तर हा फरक डोळ्याला कळायला हवा.

टाके बारीक आणि एकसारखे असले म्हणजे काम चांगलं, असं आपल्याकडेही म्हणतात आणि अमेरिकेतल्या क्विल्ट शिवणाऱ्याही म्हणतात. इंचाला दहा टाके म्हणजे त्यांच्याकडे फार नाजूक हात समजतात. पारंपरिक कामाला ही कसोटी योग्यच आहे. कलाकृती म्हणून शिवलेल्या गोधडीला मात्र ती एकटी पुरत नाही. बारीक, घट्ट टाका कापडाला खोल दाबतो. लांब, सैल टाका त्याला फुगू देतो. शिवणारी हे दोन्ही एकाच तुकड्यात वापरत असेल, तर टाक्यांचा आकार का बदलला हे विचारायचं. आभाळाकडे टाके विरळ होत गेलेत का? एखाद्या आकाराच्या कडेला येताना ते आखडलेत का? उत्तर कामातच मिळालं तर हात जाणता आहे. बदल नुसताच भटकलेला असेल तर हात थकलाय.

रेशमात टाका मागे घेता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. सुती कापडात चुकलेला टाका उसवला, ओल्या बोटाने चोळलं, की भोक बुजतं. टॅफेटा किंवा साटनमध्ये सुईचं भोक तसंच राहतं. म्हणून या कामाला बारीक सुई घेतात, कच्चा टाकासुद्धा नंतर कापला जाणाऱ्या कडेतच घालतात आणि खडूने खुणा करायला कचरतात. समोरची गोधडी म्हणजे एकदाच घेतलेल्या निर्णयांची रांग आहे. कुठे उसवल्याची बारीक भोकं दिसली तर मी त्याला कमीपणा मानत नाही. शिवणाऱ्या बाईने तिथे विचार बदलला, एवढंच. पण ती भोकं नजरेत भरत असतील तर वस्तू टिकण्याच्या दृष्टीने विचारून घ्यावं.

मधल्या भरीबद्दल कुणी सहसा बोलत नाही, आणि अर्धा परिणाम तिचाच असतो. कापसाची भर चपटी, भारदस्त बसते. लोकरीची पुन्हा उसळी घेते, म्हणून खळगे खोल दिसतात. रेशमाचीच पातळ भर घातली तर गोधडी हलकी पडते आणि सुई लोण्यासारखी जाते. पॉलिएस्टरच्या जाड भरीवर रेशीम घातलं की पृष्ठभाग सुजल्यासारखा दिसतो, ते मला रुचत नाही. आपल्या वाकळीत वेगळी भर नसतेच, जुनी लुगडी-धोतरं एकावर एक. आमच्यातल्या काहीजणी रेशमाच्या आतही तेच घालतात, धुऊन धुऊन मऊ झालेलं मलमलचं धोतर. त्याने उंचवटे फार येत नाहीत, पण टाका इतका स्वच्छ बसतो की ओळ कोरल्यासारखी दिसते.

आपल्या भागातलं रेशीम म्हटलं की पैठणीचा विषय येणारच. पैठणीच्या पदरावरचा मोर, आसावली, मुनिया हे भरतकाम नव्हे, विणकामातच प्रत्येक रंगाचा धागा हाताने गुंतवून काढलेलं असतं. म्हणून अस्सल हातमागाची पैठणी उलटसुलट दोन्हीकडून सारखी दिसते. अशा तुकड्यावर पुन्हा दाट टाके घातले की विणकराचं आणि शिवणाऱ्या बाईचं काम एकमेकांच्या अंगावर येतं. जरीत सुईही नीट जात नाही, वाट शोधत शोधत घालावी लागते. माझ्या मते जाणती बाई जरीच्या पदराला हात लावत नाही, त्याच्या कडेकडेने शिवते आणि त्याला तसाच झळकू देते. हिमरूचं, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या नक्षीदार सुती-रेशमी कापडाचं, उलट. त्याच्या मागच्या बाजूला नक्षीचे सुटे धागे पसरलेले असतात, ते आत गेले की आयती ऊब आणि आयती भर मिळते, आणि वरून घेतलेल्या टाक्याने ते धागे जागच्या जागी धरलेही जातात. हिमरूचा लहान तुकडा गोधडीत जितका शोभतो तितका फ्रेममध्ये नुसता लावून शोभत नाही.

इथे एक आग्रहाने सांगते. धडधाकट जुनी पैठणी कापून केलेली गोधडी कुणी कौतुकाने दाखवली तर मला वाईट वाटतं. घडीवर चिरलेल्या, जरी सुटलेल्या, अंगावर नेसता न येणाऱ्या पैठण्या कपाटा-कपाटांत पडून आहेत. काम त्यांच्यापासून करावं. विकत घेताना हे विचारायला संकोच करू नका. जी शिवणारी आपल्या कापडावर प्रेम करते ती तुकडा कुठून आला हे तासभर सांगेल.

भिंतीवर गोधडी कशाला, हा तुमचा दुसरा प्रश्न. ही रीत आपल्याकडची नाही हे खरं. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या, तिथून बघण्याची ही सवय पसरली. १९७९मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावी ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू झालं, ते केवळ कलाकृती म्हणून शिवलेल्या कामांसाठी. पुढे २००२मध्ये अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या त्याच व्हिटनीत लागल्या. त्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या होत्या, अगदी आपल्या वाकळीसारख्या, आणि या वेळी मेरी ली बेंडॉल्फ, ॲनी मे यंग अशी शिवणाऱ्यांची नावं लोकांनी लक्षात ठेवली. मला यात भिंतीपेक्षा नावाचं जास्त महत्त्व वाटतं. आपल्याकडे बंगालचा कांथा आहे, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी आहे, जी कडेकडून मध्याकडे शिवत जातात, आणि मराठवाड्यात घरोघर वाकळ आहे. बहुतेक ठिकाणी शिवणारीचं नाव घराबाहेर गेलं नाही.

लहान आकारही आपल्याला परका नाही. बाळाचं दुपटं आठवा. ते शिवताना आजीने मोठ्या गोधडीपेक्षा बारीक टाका घातलेला असतो, कारण ते सगळं हाताच्या आवाक्यात असतं आणि येणारीजाणारी प्रत्येक बाई ते जवळून बघणार असते. छोट्या रेशमी गोधडीचा आकार याच कारणाने छोटा असतो. दोन हातांत मावेल, डोळ्यापासून वीतभर अंतरावर धरता येईल, एकाही टाक्याला गर्दीत लपता येणार नाही. मोठ्या गोधडीत एखादी ओळ वाकडी गेली तर झोपताना कुणाला कळतं? इथे ती ओळ म्हणजे चित्राचा दहावा हिस्सा असते.

जमलं तर मागची बाजू दाखवायला सांगा. गाठी दिसता कामा नयेत असं काहीजणी मानतात, गाठ हळूच ओढून मधल्या थरात घेतात. काहीजणी मुद्दाम मागे दोऱ्यांची टोकं ठेवतात. दोन्ही चालतं, पण एकाच कामात धरसोड नको. कड कशी पूर्ण केलीय ते बघा. गोट उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचा असेल तर वळणावर तो गुळगुळीत फिरतो, कोपऱ्यात सुरकुती धरत नाही. गोट न लावता पिशवीसारखं उलटवून कड बंद केलेली असेल तर चारी कोपरे टोकदार निघालेत का ते बघा. रेशमाचे धागे फार सुटतात, त्यामुळे कच्च्या कामाची पहिली खूण कोपऱ्यातच दिसते.

टिकण्याचं आता थोडं सविस्तर सांगते, कारण मराठवाड्यात रेशीम भिंतीवर लावायचं म्हणजे उन्हाशी गाठ आहे. अमेरिकेत १८८०च्या दशकात रेशमी चिंध्यांच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या गोधड्यांची मोठी लाट आली होती. त्यातल्या कितीतरी आज संग्रहालयांत तुकडे-तुकडे होऊन पडल्यात. त्या काळी सेरिसिन गेल्याने घटलेलं वजन भरून काढायला रेशमाला कथिलासारख्या धातूंचे क्षार पाजत, आणि त्या क्षारांनी धागा आतून ठिसूळ झाला. आजच्या चांगल्या रेशमाला ही भीती फारशी नाही. उजेडाची मात्र आहेच. नैसर्गिक धाग्यांत रेशीम उजेडाला फार लवकर हार मानतं, आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही, ते साठत जातं. संग्रहालयं वस्त्रांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, म्हणजे आपल्या बैठकीतल्या संध्याकाळच्या मंद दिव्याइतका.

घरात म्हणूनच खिडकीसमोरची भिंत नको, उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत तर नकोच. कूलरच्या झोतात तर अजिबात लावू नका. उन्हाळाभर दमट वारा एका बाजूने लागत राहिला की रेशीम आणि भर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आखडतात आणि पृष्ठभागाला घड्या पडतात. देवघराच्या धुरापासून, स्वयंपाकघराच्या तेलकट हवेपासून दूर ठेवा. काच लावायची असेल तर ती कापडाला टेकता कामा नये, मधे बारीक पट्टीचं अंतर हवं. गोधडी मागच्या पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेली असेल तर घेऊच नका. ती सुती कापडावर टाक्यांनी धरलेली हवी, किंवा मागे वरच्या कडेला नेफा शिवून त्यात काठी घातलेली. काढून ठेवताना घडी न घालता, वरची बाजू बाहेर ठेवून, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. कसर लागू नये म्हणून डांबर गोळ्या घातल्याच तर त्या वस्त्राला टेकू देऊ नका. वर्षभर लावलेली गोधडी पुढचे काही महिने उतरवून दुसरी लावली, तर दोन्ही टिकतात.

आता किंमत. मी आकडा सांगणार नाही, कारण तो शिवणाऱ्या बाईच्या नावावर, कापडावर, मढवण्यावर आणि शहरावर अवलंबून असतो. पण हिशेब सांगते, तो तुम्ही घरी बसून करू शकता. एक फूट लांब, एक फूट रुंद गोधडी घ्या. पाव इंचाच्या अंतराने एकाच दिशेने ओळी घातल्या तर साधारण ४८ ओळी होतात. प्रत्येक १२ इंचांची, म्हणजे ५७६ इंच शिलाई. इंचाला आठ टाके धरले तर साडेचार हजारांच्या वर टाके. यात तुकडे जोडणं, गोट, अस्तर, मागची बांधणी काहीच धरलेलं नाही. दोन्ही दिशांनी शिवलं असेल तर दुप्पट. एवढे टाके बारीक सुईने, तीन थरांतून, एकही मागे न घेता घालायला किती बसावं लागेल, ते आजीला वाकळ शिवताना पाहिलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. हा हिशेब मजुरीचा झाला. त्यावर कल्पनेचे किती द्यायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं.

फसवणुकीची भीती तुम्ही लिहिलीय, ती दोन ठिकाणी रास्त आहे. एक, ‘आर्ट सिल्क’ या नावाने बाजारात मिळतं ते कृत्रिम रेशीम. अस्सल रेशमाची ‘सिल्क मार्क’ ही खूण कापडावर किंवा साडीवर असते, तयार गोधडीवर ती मिळेलच असं नाही, म्हणून शिवणाऱ्या बाईकडे त्याच कापडाचा उरलेला धागा मागा. जाळून पाहिला तर रेशमाला केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. दोन, मशीनवर शिवून वरून दोन-चार हाताचे टाके घातलेलं काम ‘हातशिलाई’ म्हणून विकणं. ते ओळखायचं कसं, हे वर आलंच आहे.

जी मनातून जात नाही ती सहसा चुकीची नसते, एवढं मी माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना सांगते. तरी घेण्याआधी एकदा सकाळी जा, जमलं तर काचेबाहेर काढून खिडकीशी बघा. घ्यायची ठरली तर मागे सुती कापडाची एक पट्टी टाकून घ्यायला सांगा आणि तिच्यावर शिवणारीचं नाव, गाव, वर्ष, वरचं कापड कुठलं, दोरा कुठला, आत भर कसली, हे तिच्याच हाताने लिहून किंवा शिवून घ्या. पुढे कधी डागडुजीला माझ्यासारखीकडे आणाल तेव्हा पहिल्यांदा तेच विचारलं जाईल.